सर्वांत जुना कागद कोणत्या तारखेचा?

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण ऐकतच मी नोकरीला लागले आणि ती ऐकतच निवृत्त झाले. पस्तीस वर्षे धुळ्यात आणि जळगावात सरकारी-निमसरकारी कार्यालयांत काढली. सुरुवात कनिष्ठ लिपिक म्हणून, शेवट कार्यालयीन अधीक्षक म्हणून. त्या अनुभवावर एक गोष्ट ठामपणे सांगते. कारकून आळशी, म्हणून काम रखडते, असे सगळे धरून चालतात. पण बहुतेक वेळा ते खरे नसते. माझ्या आजूबाजूची माणसे दिवसभर मान खाली घालून काम करत आणि तरीही कागद पुढे सरकत नसे. माणसे दमलेली आणि कागद पडून, असे दोन्ही एकाच खोलीत चाले. असे का होते हे समजून घेतले नाही, तर कितीही मोहिमा काढा, त्यांचा गुण टिकायचा नाही.

२०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने शंभर दिवसांची कार्यालयीन सुधारणा मोहीम राबवली. भारतीय गुणवत्ता परिषदेकडून मूल्यमापन झाले आणि १ मे रोजी निकाल लागला, तेव्हा जळगावचे जिल्हाधिकारी कार्यालय राज्यातल्या पहिल्या पाचांत होते. खानदेशातल्या माणसाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. स्वच्छ आवार, बसायला जागा, प्यायला पाणी, चालू स्थितीतले संकेतस्थळ, तक्रारींची दखल हे सगळे मोलाचे आहे. साक्री किंवा रावेरच्या खेड्यातून सकाळची एसटी धरून आलेल्या म्हातारीला सावलीत बसायला मिळाले तर ते लहान काम नव्हे. पण बसून झाल्यावर ती जो प्रश्न विचारते, त्याचे उत्तर रंगरंगोटीत नसते. तो प्रश्न असतो, माझा कागद कुठे आहे?

एक वैद्यकीय देयक घेऊ. खेड्यातल्या एका शिक्षकाचे हृदयाचे ऑपरेशन झाले. उसनवारी करून त्यांनी दवाखान्याचे बिल भरले आणि परताव्यासाठी कागद जोडून दिले. मुख्याध्यापक, तालुक्याचे कार्यालय, जिल्ह्याचे कार्यालय, पडताळणीसाठी शल्यचिकित्सक, तिथून परत, मग लेखाशाखा, मग मंजुरी, मग अनुदानाची वाट. हे प्रकरण मी बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावक नोंदीतल्या, तारखा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत कागदावर मांडले. वाचणे, तपासणे, टिपणी लिहिणे, बेरीज ताळून पाहणे, सही करणे असे जे खरे काम त्यावर झाले, ते सगळे मिळून एका दिवसाचेही नव्हते. प्रकरणाला मात्र आठ महिन्यांहून अधिक लागले.

मग उरलेले दिवस गेले कुठे? टपाल मार्क व्हायचे होते म्हणून काही दिवस. साहेब दौऱ्यावर म्हणून काही दिवस. तालुक्याहून प्रकरणे एकेक न पाठवता गठ्ठा जमला की पाठवायची पद्धत, म्हणून आणखी काही. एका टेबलाने आवश्यकता प्रमाणपत्र नाही म्हणून प्रकरण परत केले. ते जोडून आले, तर आता डिस्चार्ज कार्डाची प्रत अस्पष्ट म्हणून पुन्हा परत. दुसरी त्रुटी पहिल्या दिवशीही त्याच फाईलमध्ये होती. पण पहिली सापडली की पुढचे पान उलटायचे नाही, हीच रीत पडलेली होती.

ते शिक्षक महिन्यातून एकदा येत आणि नम्रपणे विचारत, "ताई, मना कागद कथा शे?" शोधायला कुणीतरी उठे. तीन टेबले, दोन कपाटे आणि एक रजिस्टर पाहण्यात तासभर जाई. त्या तासात दुसऱ्या कुणाचा तरी कागद थांबे आणि पुढच्या आठवड्यात तो माणूस विचारायला येई. दिरंगाई नवे काम जन्माला घालते आणि त्या कामामुळे पुन्हा दिरंगाई होते. दिवसभर राबूनही काही उरकत नाही, ते यामुळे.

माझा भाचा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. निवृत्तीच्या आधी एकदा त्याने मला त्याचा विभाग दाखवला. जमिनीवर पिवळे पट्टे, कच्चा माल कुठपर्यंत ठेवायचा त्याची खूण, भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्ह्याच्या आकाराची बाह्यरेषा. पान्हा जागेवर नसला की लांबूनच कळते. मी कौतुक केले तर तो म्हणाला, "मावशी, इथं माल थांबला की पाय अडखळतो. तुमच्या ऑफिसात थांबलेला माल कपाटात मावतो, म्हणून कुणाला दिसत नाही." त्याचे हे बोलणे माझ्या मनातून गेले नाही.

त्याच्या कारखान्यात जी पद्धत चालते तिला 'लीन' म्हणतात. तिचे मूळ जपानच्या टोयोटा कंपनीत, तैइची ओहनो या अभियंत्याच्या कामात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर भांडवल आणि जागा दोन्ही तुटपुंजी असताना त्यांनी कारखान्यात वाया काय जाते ते सात प्रकारांत मांडले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, मालाची उगाच ने-आण, गरज नसलेली प्रक्रिया, साठा, माणसाची अनावश्यक हालचाल आणि सदोष काम. १९९० मध्ये वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या पुस्तकामुळे ही पद्धत 'लीन' या नावाने जगभर पोहोचली. आपल्याकडेही केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये लघुउद्योगांसाठी लीनची योजना नव्याने सुरू केली. तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलते. म्हणजे कारखान्याने वाया जाणारा वेळ शोधावा म्हणून सरकार पैसे देते. मग तेच मोजमाप सरकारी कार्यालयाला का लावू नये?

ओहनोंची यादी कार्यालयात आणली तर एकही प्रकार सुटत नाही. कुणी न वाचणारा मासिक अहवाल चार प्रतींत तयार करणे हे गरजेपेक्षा जास्त उत्पादन. सहीसाठी पडलेली फाईल म्हणजे वाट पाहणे. एकाच इमारतीत वर-खाली फिरणारे प्रकरण ही ने-आण. तीच माहिती आवक रजिस्टरात, कार्यविवरण नोंदवहीत, एक्सेलमध्ये आणि पोर्टलवर भरणे ही गरज नसलेली प्रक्रिया. टेबलावरचा गठ्ठा हा साठा. झेरॉक्ससाठी तळमजल्यावर आणि शिक्क्यासाठी दुसऱ्या मजल्यावर जाणे ही हालचाल. आणि त्रुटी काढून परत केलेला अर्ज म्हणजे सदोष काम. त्यातला दोष बहुतेकदा अर्जदाराचा नसतो. काय जोडायचे ते आपण त्याला एकदाच आणि स्पष्ट सांगितलेले नसते.

हे जपानी खूळ आपल्याला कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला मी सांगेन की महाराष्ट्राने हे स्वतःच्या बळावर करून पाहिले आहे. १९८० च्या दशकात त्या वेळच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपले कार्यालय मुळापासून बदलले. टेबलांची मांडणी बदलली, कुणाचे काम काय ते लिहून ठरवले, अभिलेखाला शिस्त लावली. 'लखिना पॅटर्न' हे नाव राज्यातल्या प्रत्येक कारकुनाला ठाऊक झाले. सहा गठ्ठे पद्धत आम्ही शिकलो तीही अशीच शिस्त आहे. कार्यवाही करायची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची, असे सहा गठ्ठे. 'अ' वर्गाचा कागद कायमचा, 'ब' ३० वर्षांचा, 'क-१' १० वर्षांचा, 'क' ५ वर्षांचा आणि 'ड' एका वर्षाचा. जपान्यांच्या 'फाइव्ह एस'मध्ये पहिली पायरी नको असलेले वेगळे काढण्याची आणि दुसरी उरलेल्याला जागा ठरवून देण्याची असते. आमचे सहा गठ्ठे यापेक्षा वेगळे काय सांगतात?

या शिस्तीची किंमत मला कळली ती १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तेव्हा. दप्तरांची वाटणी करायची म्हणून कपाटे उघडावी लागली. 'ड' वर्गाचे, एका वर्षात नष्ट व्हायला हवे होते असे कागद कित्येक वर्षांचे निघाले. एकाच परिपत्रकाच्या ढीगभर प्रती निघाल्या आणि त्यांच्याखाली लोकांच्या हक्काचे खरे कागद दबलेले होते. वर्गवारी झाल्यावर पुढचे काही महिने मागितलेला कागद हाताशी लगेच येई. काम तेच, माणसे तीच. अडगळ गेली, एवढाच फरक होता.

कायदेही झाले. ज्याला आपण 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतो, त्या २००५ च्या कायद्याने सांगितले की फाईल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना मुदत घातली. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद केली. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' आणि रोजचे काम रोज संपवण्याचा आग्रह धरला. या सगळ्या प्रयत्नांबद्दल मला आदर आहे. पण यातले बरेचसे काही काळाने विरले आणि त्याचे कारण मी जवळून पाहिले आहे. सुधारणा साहेबांबरोबर येते आणि साहेबांच्या बदलीबरोबर जाते. टेबलावरच्या माणसाला तिच्यात हुकूम पाळण्यापलीकडे भाग नसतो. तपासणीच्या आदल्या रात्री गठ्ठे बांधले जातात, लाल-हिरव्या फडक्यांत नीट दिसतात आणि तपासणी झाली की सुटतात.

टिकणारी व्यवस्था कशी असते हे खानदेशाला कुणी शिकवायला नको. माझे माहेर पांझरेच्या काठचे. तिथली फड पद्धत काहीशे वर्षे चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात कोणते पीक, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडून घ्यायचे नाही. गावाने नेमलेला पाटकरी ते क्रमाने देई. एखाद्या वाफ्यात पाणी तुंबले किंवा पाट फुटला, तर पाटकऱ्याला ते त्याच दिवशी दिसे आणि तिथल्या तिथे तो ते सोडवी. वरून परवानगी यायची वाट पाहावी लागत नसे. वरचे राजे, मामलेदार, कलेक्टर बदलत गेले, तरी व्यवस्था टिकली. नियम पाळणाऱ्यांनीच तो केला होता आणि मोडला तर नुकसान त्यांच्याच शेताचे होते. कार्यालयातल्या कागदालाही असाच पाट हवा आणि तो तुंबला तर हात घालायचा अधिकार असलेला पाटकरीही हवा. टोयोटात जुळणीच्या रांगेवरचा साधा कामगार दोष दिसताच दोरी ओढून रांग थांबवू शकतो. आमच्याकडे बारनिशीच्या कारकुनाला अर्जाचा नमुना चुकीचा आहे हे रोज दिसते, पण तो बदलून मागायची सोय त्याच्याकडे नसते.

म्हणून माझे म्हणणे असे की सुधारणा कागद हाताळणाऱ्याच्या हाती द्या. ती कशी द्यायची, हे मी माझ्या शेवटच्या शाखेत करून पाहिलेल्या गोष्टींवरून सांगते.

पहिले, प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर एक साधा तक्ता लावा: टेबल, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. यात कुणाला पकडायचे नाही. कागद कुठे थांबतो ते कळावे, इतकाच हेतू. आम्ही हे केले तेव्हा सर्वांत जास्त दिवस कुठल्याही टेबलावर न जाता दोन टेबलांच्या मध्ये जात होते, असे दिसले. शिपायाची फेरी दिवसातून एकदा होती, ती दोनदा केली. त्यासाठी एक रुपयाही खर्च झाला नाही.

दुसरे, त्रुटी एकदाच आणि सगळ्या मिळून काढायच्या. अर्ज स्वीकारतानाच खिडकीवर यादीवरून तपासायचा. सेवा हक्काचे घड्याळ पूर्ण अर्जापासून चालते, त्यामुळे अपुरा अर्ज घेऊन नंतर परत करणे कार्यालयाला सोयीचे पडते. अर्जदाराला ते महाग पडते. दोन चकरांचे एसटी भाडे आणि दोन दिवसांची मजुरी त्याच्या खिशातून जाते.

तिसरे, प्रत्येक सहीला विचारा की तू या कागदात काय भर घालतेस? 'सादर', 'सहमत', 'मान्यतेस्तव' एवढेच लिहून पुढे जाणारी सही जबाबदारी वाढवत नाही, ती वाटून पातळ करते. जिथे नियमात वाव आहे, तिथे अधिकार खाली द्या.

चौथे, आधी पायऱ्या कमी करा, मग संगणक आणा. आज ऑनलाइन अर्ज भरायचा, त्याची प्रिंट काढायची, तीवर सही करून कागदपत्रांसह कार्यालयात द्यायची आणि तिथे पुन्हा नोंद करायची, असे चित्र सर्रास दिसते. वाईट पाट सिमेंटचा केला म्हणून तो शेतापर्यंत पोहोचत नाही. ई-ऑफिसमध्ये फाईल कुठे आहे हे एका कळीवर दिसते आणि तो मोठा फायदा आहे. पण सहा ठिकाणी थांबणारी फाईल पडद्यावरही सहा ठिकाणीच थांबते.

पाचवे, रोज सकाळी पंधरा मिनिटे शाखेतल्या सगळ्यांनी उभ्याने बोलायचे. काल काय अडले, आज काय निघणार, कुणाकडे जास्त झाले? यात साहेबांनी ऐकायचे जास्त आणि बोलायचे कमी. आमच्याकडची सर्वांत उपयोगी सूचना एका शिपाईमामांनी केली होती. वेगवेगळ्या तालुक्यांच्या टपालाला वेगवेगळ्या रंगांच्या फायली लावा, असे ते म्हणाले. त्यानंतर कागद शोधायला उठावे लागेनासे झाले.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. एक, जागा रिकाम्या आहेत, तीन माणसांचे काम एकावर आहे, तुम्ही पिवळे पट्टे काय मारता? हे दुःख मी भोगले आहे. रिक्त पदे भरलीच पाहिजेत आणि या पद्धतीचा आधार घेऊन कुणी पदे कापायला निघाले, तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. टोयोटाची पद्धत वाया जाणारे काम कापते. माणसे कापायला तिचे नाव वापरले की कर्मचारी पुन्हा कधी तिच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. पण तिघांचे काम करणाऱ्या एकट्या बाईला निरर्थक अहवाल आणि दुहेरी नोंदींतून सोडवणे ही तिला आजच करता येणारी मदत आहे. भरतीची वाट पाहत तीही थांबवायची का?

दुसरा आक्षेप लेखापरीक्षणाचा. घाईत सही केली आणि उद्या वसुली निघाली तर? ही भीती खरी आहे. मात्र तपासणीला लागणारा वेळ कमी करा असे मी म्हणतच नाही. तो हवा तेवढा घ्या. तपासणी सुरू होण्याआधी कागद जितके दिवस पडून असतो, ते दिवस कमी करा. पडून राहिलेला कागद सुरक्षित नसतो. तो पुढे सरकवण्यासाठी कुणाला तरी भेटावे लागते आणि लाचेला जागा मिळते ती तिथेच. वेळेवर आपोआप चालणाऱ्या फाईलसाठी कुणी कुणाच्या हातात काही ठेवत नाही.

हे केवळ सरकारला सांगणे पुरेसे नाही. जळगावच्या डाळ मिलला, चटई किंवा पाइपचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखानदाराला मोठ्या गिऱ्हाइकाकडून पैसे उशिरा मिळतात. लघुउद्योगांचे बिल ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. तरी बिल खरेदी विभागातून लेखा विभागात जाता जाता थकते, कारण पावतीवरचा ऑर्डर नंबर चुकला किंवा कुणाची सही राहिली. ज्या कारखान्याच्या तळमजल्यावर एक मिनिटही वाया जाऊ देत नाहीत, त्याच कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर दुसऱ्याचे पैसे महिनाभर झोपतात. पतसंस्था, महाविद्यालये, रुग्णालयांची बिल खिडकी, कुठेही पाहा, दुखणे हेच.

माझी मागणी एकच आहे आणि ती जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक कार्यालयाने उद्या सकाळी पूर्ण करण्यासारखी आहे. दारावर सेवांची आणि मुदतींची पाटी असतेच. तिच्याशेजारी एक साधा फळा लावा आणि त्यावर रोज सकाळी खडूने एकच ओळ लिहा: या कार्यालयात आज प्रलंबित असलेला सर्वांत जुना कागद अमुक तारखेचा आहे. नाव नको, टेबल नको, कारण नको. फक्त तारीख, आणि ती लिहायची शाखेतल्या कर्मचाऱ्यांनीच, आळीपाळीने. सरासरीत कुणाचेही दुःख लपते, पण सर्वांत जुन्या कागदामागे एक जिवंत माणूस असतो. ती तारीख रोज डोळ्यांसमोर आली की तो कागद कुणीतरी उचलेलच, मग त्याच्यानंतरचा आणि मग त्याच्याही नंतरचा. महिनाभरात फळ्यावरची तारीख आजच्या जवळ येऊ लागली, तर समजा कार्यालय सुधारते आहे. आणि ती आली नाही, तर का आली नाही हे विचारायचा हक्क फळ्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला आहे.